मार्चची परीक्षा आणि भट्टीवर गेलेली माणसं

प्रति,
मा. शिक्षण संचालक (योजना), महाराष्ट्र राज्य, पुणे
आणि सर्व जिल्ह्यांचे शिक्षणाधिकारी (योजना)

सप्रेम नमस्कार.

प्रौढ निरक्षरांसाठीच्या ‘उल्लास’ नवभारत साक्षरता कार्यक्रमाची चाचणी आपण २०२४ मध्ये १७ मार्चला घेतली आणि २०२५ मध्ये २३ मार्चला. दोन्ही वेळा पेपरांत नऊवारीतल्या आजी शाळेच्या बाकावर बसून उत्तरपत्रिका लिहिताना दिसल्या. मलाही ते फोटो आवडतात. पण मी शहापूर तालुक्यातल्या ज्या कातकरी वाड्यांवर काम करते, तिथे मार्चमध्ये बरीचशी दारं बाहेरून काटक्या लावून बंद असतात. दिवाळी आटोपली की मुकादमाचा टेम्पो येतो आणि जोडपी पोराबाळांसकट भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. परततात ती पाऊस तोंडावर आला की. बीडकडचा ऊसतोड कामगारही मार्चमध्ये बहुतेक वेळा फडातच असतो. म्हणजे ज्यांना अक्षराची सगळ्यात जास्त निकड, ती माणसं आपण परीक्षा घेतो तेव्हा गावात नसतात.

तारखेची ही तक्रार किरकोळ वाटेल. मला ती तशी वाटत नाही. मार्च का, तर शाळेचं वर्ष संपत आलेलं असतं, आर्थिक वर्ष संपत आलेलं असतं, आकडे वर पाठवायचे असतात. ही तिन्ही कारणं कार्यालयाची आहेत. शिकणाऱ्याचं त्यात एकही नाही. आणि प्रौढ शिक्षणात आपलं जे जे बिनसतं ते या एका तारखेत दिसतं. शिकणारा मोठा माणूस आहे, त्याचं स्वतःचं वर्ष आहे, स्वतःची कामं आहेत, हे आपण भाषणात मान्य करतो आणि वेळापत्रकात विसरतो.

याच चाचणीतली एक गोष्ट मात्र फार शहाणपणाची आहे. सकाळी १० ते संध्याकाळी ५ या वेळेत परीक्षार्थीनं आपल्या सवडीनं यावं आणि पेपर द्यावा, अशी मुभा आहे. ज्यानं कुणी ही मुभा लिहिली त्याला बाईच्या दिवसाची कल्पना आहे. मग जी सवड दिवसाला दिली ती वर्षाला का नाही?

आता वर्गात काय चालतं त्याकडे येते, कारण खरं दुखणं तिथे आहे.

भट्टीवरच्या जोडीचा हिशोब असा असतो. हंगामाआधी शेठकडून बयाना उचललेला असतो, लग्नासाठी, आजारपणासाठी, कधी नुसत्या पावसाळ्यातल्या पोटासाठी. भट्टीवर गेल्यावर दर आठवड्याला खर्ची मिळते. विटांचा दर हजारावर ठरलेला. हंगाम संपला की थापलेल्या विटांच्या रकमेतून बयाना आणि खर्ची वजा होते आणि जे उरेल ते हातात. पुष्कळदा उरत नाही, उलट अंगावर फिरतं, आणि पुढच्या वर्षी त्याच शेठकडे जावं लागतं. हे सगळं एका वहीत असतं आणि ती वही शेठकडे असते.

अशा बाईला आपण ‘कमळ’ आणि ‘बदक’ शिकवायला बसतो.

आमच्या वर्गात आम्ही सुरुवात केली ती ‘वीट’, ‘नाव’, ‘बयाना’, ‘हजार’, ‘खर्ची’ या शब्दांनी. ‘खर्ची’त रफार आहे. पारंपरिक क्रमानं गेलं तर आधी सगळी मुळाक्षरं, मग काना-मात्रा, मग जोडाक्षरं, आणि रफार कधीतरी शेवटी. आम्ही तो पहिल्या महिन्यातच शिकवला. कुणाचं काही बिघडलं नाही. उलट ‘खर्ची’ हा शब्द एकदा ओळखता आल्यावर ‘सर्व’, ‘अर्ज’, ‘कर्ज’ हे शब्द बायकांनीच शोधून आणले. ‘कर्ज’ पहिल्यांदा लिहिल्यावर एक बाई म्हणाली, “एवढासाच लिहायला लागतंय व्हय हे?” तिच्या अंगावर ते काही वर्षं होतं.

यात नवीन काही नाही, हे आपल्याला ठाऊक असेलच. १९६३ मध्ये ब्राझीलच्या आंजिकोस गावात शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३०० मजुरांना सुमारे ४० तासांत लिहा-वाचायला शिकवलं. त्यांची पद्धत अशी की आधी मजुरांच्या बोलण्यातले जिव्हाळ्याचे शब्द वेचायचे, त्या शब्दांवर गप्पा मारायच्या आणि मग शब्द फोडून त्याच्या अक्षरांची कुटुंबं मांडायची. त्यांच्या शब्दांतला एक गाजलेला शब्द ‘वीट’ हाच होता. त्यांना पोर्तुगीजमध्ये अक्षरांची कुटुंबं मुद्दाम रचावी लागली. आपल्याकडे ती बाराखडीच्या रूपात आयती आहेत. तरीही आपण बाराखडी पाठांतराला लावतो, शब्द घडवायला वापरत नाही. ‘वीट’मधून ‘वाट’, ‘वट’, ‘टावी’ असं काहीबाही जुळवताना बायका हसतात, अर्थ नसलेले शब्द फेकून देतात, अर्थ असलेले ठेवतात. वाचन म्हणजे नेमकं काय ते तिथे त्यांना कळतं.

आपल्या कार्यक्रमाच्या कागदावर महत्त्वपूर्ण जीवनकौशल्यं असा स्वतंत्र घटक आहे. आर्थिक साक्षरता त्यात येते, डिजिटल साक्षरताही येते. माझं म्हणणं इतकंच की तो घटक अक्षरओळखीनंतर येणारा पुढचा टप्पा नव्हे. अक्षरओळख त्याच्यातूनच व्हायला हवी.

सगळ्यांना हिशोबच हवा असतो असंही नाही. शेजारच्या मुरबाड तालुक्यात फांगणे गावात ८ मार्च २०१६ ला आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बायका, गुलाबी नऊवारी, दुपारी दोन ते चार वर्ग. त्यांना पोथी वाचायची होती. आयुष्यभर दुसऱ्यानं वाचलेली ऐकली, आता स्वतः वाचायची. त्या आजींसमोर बँकेची स्लिप ठेवली असती तर दुसऱ्या दिवशी वर्ग रिकामा झाला असता. कुणाला नातवाच्या शाळेतून आलेली चिठ्ठी वाचायची असते, कुणाला एसटीची पाटी, कुणाला बचत गटाच्या अध्यक्षपदाची सही करताना खाली काय लिहिलंय ते. तेव्हा वर्ग सुरू होण्याआधी एक दिवस फक्त हे विचारायला ठेवावा. सर्वेक्षणाच्या फॉर्मवर नाव, वय, लिंग, जात असे रकाने असतात. ‘तुम्हाला काय वाचायचंय’ हा रकाना मी अजून पाहिलेला नाही.

फांगण्याची दुपारी दोन ते चार ही वेळही लक्षात घ्यावी. आपले वर्ग रात्री असतात, कारण रात्रशाळेची कल्पना आपल्या डोक्यात पक्की बसली आहे. रात्री आठला बाईची भाकरी तव्यावर असते. भट्टीवर तर पहाटे दोन-तीनला उठून विटा थापायला बसतात आणि ऊन चढलं की आडवे होतात. त्यांची मोकळी वेळ दुपार कलल्यावर असते, तीही तासभर. ठाणे जिल्ह्यात भट्टीवरच्या मुलांसाठी भोंगा शाळा चालल्या, शाळाच मुलांपाशी गेली. त्या मुलांच्या आयांसाठी मात्र असं काही कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

आता डोळ्यांबद्दल. प्रौढ शिक्षणावरच्या बैठकांत प्रेरणा, सहभाग, सबलीकरण असे शब्द ऐकत आले, चाळिशी हा शब्द मात्र फारसा कानावर आला नाही. आपल्या नोंदणीतल्या बायकांचं वय बघा. पन्नाशीतल्या बाईला जवळचं दिसत नाही. पुस्तिकेतलं ‘घ’ आणि ‘ध’ तिला सारखंच दिसतं, ‘भ’ आणि ‘म’ एकमेकांत मिसळतात. ती म्हणते, “माझ्या टाळक्यात न्हाय शिरत.” स्वयंसेवक तिला धीर देतो, पुन्हा पुन्हा गिरवायला लावतो. तिला जवळचा चष्मा लागतो, दुसरं काही नाही. आमच्याकडे ज्या बायकांना आम्ही मनातल्या मनात ‘हळू शिकणाऱ्या’ म्हणत होतो त्यांतल्या बऱ्याच जणी चष्मा लागल्यावर इतरांच्या बरोबरीनं आल्या. राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमात वयस्कांना जवळचा चष्मा मोफत देण्याची तरतूद आहे. म्हणजे पैसे दुसऱ्या खात्याचे, योजना आधीपासूनची, फक्त आपल्या नोंदणीच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राचा नेत्रतपासनीस तिथे बसवायचा आहे. मला नेमून एकच गोष्ट करायला सांगितली तर मी हीच मागेन, बाकी सगळं नंतर.

पैशांचं निघालंच म्हणून सांगते. २०२२ ते २०२७ या पाच वर्षांसाठी देशभरात १,०३७.९० कोटी रुपये आणि ५ कोटी लोक साक्षर करण्याचं उद्दिष्ट. भागाकार केला तर माणशी साधारण २०७ रुपये. एवढ्या पैशांत आपण चमत्कार अपेक्षित धरतो आणि तो घडवायची जबाबदारी विनामोबदला काम करणाऱ्या स्वयंसेवकावर टाकतो. २००९ मध्ये आलेल्या ‘साक्षर भारत’ योजनेमध्ये प्रेरकाला, म्हणजे गावातलं साक्षरता केंद्र चालवणाऱ्याला, महिना २,००० रुपये तरी मिळत होते. ते तुटपुंजे होते, वेळेवर येत नव्हते, हे सगळं खरं. पण अमुक माणसाचं हे काम आहे असं गावात म्हणता येत होतं. आज विचारलं तर उत्तर मिळतं की गुरुजींचं आहे. गुरुजींना आधीच दहा कामं. २०२३ मध्ये शिक्षक संघटनांनी निरक्षरांच्या सर्वेक्षणावर बहिष्कार घातला तेव्हा आपण त्याला असहकार मानलं असेल, मला त्यात थकवा दिसला.

शिवाय लहान मुलांना शिकवण्यात आयुष्य गेलेला माणूस मोठ्यांना शिकवू लागला की त्याच्याही नकळत आवाज चढतो. “शाब्बास, टाळ्या वाजवा यांच्यासाठी.” चार लेकरांच्या आईला टाळ्या! ती गप्प बसते, पुढच्या आठवड्यापासून येत नाही, आणि हजेरीपटावर कारण लिहिलं जातं ‘उदासीनता’. शाळा-कॉलेजातली मुलं स्वयंसेवक म्हणून येतात ती यापेक्षा बरी, कारण नातवंडाकडून चूक दाखवून घ्यायला आजीला संकोच नसतो. सुनेकडून शिकणं मात्र सासूला अवघड जातं आणि सासूची चूक काढणं सुनेला त्याहून अवघड. फांगण्यात ते जमलं, तिथे शिकवणाऱ्या ताईंच्या सासूबाई वर्गात होत्या. सगळीकडे जमेल असं धरून चालू नये. आणि मेहेरबानी करून पोस्टरवरून ‘अंगठाबहाद्दर’ची थट्टा काढून टाका. ज्यांना यायला सांगायचं त्यांनाच हिणवून बोलवण्यात काय हशील?

गणिताच्या तासाला तर मला हसू येतं. आपण काड्यांचे गठ्ठे बांधून एक ते दहा शिकवतो. समोर बसलेली ठाकर बाई पावसाळ्यात शेवळांचे, करटोल्यांचे वाटे लावून बाजारात बसते. एक वाटा पंधराला, तीन घेतले तर चाळीस, शंभराची नोट दिली तर साठ परत, हे ती गिऱ्हाईक पिशवी उघडेपर्यंत सांगते. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे अपूर्णांक तिच्या रोजच्या तोंडात आहेत. शहरातल्या आठवीच्या मुलाला विचारून बघा. तिला बेरीज येते. ती कागदावर उतरवायची कशी, तेवढं तिला हवंय. म्हणून तिचा तोंडी हिशोब आधी ऐकायचा आणि मग तोच, तिच्याच क्रमानं, लिहून दाखवायचा. हातचा एक ही भानगड तिला नंतर समजावता येते.

इथे एक अगदी व्यवहाराची अडचण आहे. पुस्तिकेत आकडे मराठी. तिच्या मोबाइलवर, वीजबिलावर, रेशनच्या पावतीवर, गॅसच्या सिलिंडरवर आकडे इंग्रजी. ‘लाडकी बहीण’चे १,५०० जमा झाले का हे सांगणारा बँकेचा मेसेज बहुधा अख्खा इंग्रजी. बाईनं कष्टानं आपलं ‘पाच’ आणि ‘सहा’ घोटलं, आणि फोनवरचा ओटीपी वाचायला पुन्हा पोराच्या तोंडाकडे बघायचं! दोन्ही आकडे पहिल्या दिवसापासून शेजारी शेजारी शिकवावेत. मोठ्या माणसाचा गोंधळ होईल ही भीती आपली आहे. त्यांना दोन्ही रोज दिसतात. आणि मराठी शिकलेल्या माणसाला मराठीतूनच मेसेज यावा, यासाठी आपण राज्यस्तरीय बँकर्स समितीला एक पत्र लिहिलंत तर ते कुठल्याही प्रभातफेरीपेक्षा उपयोगी पडेल.

स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणाबद्दल थोडक्यात. एका तालुक्यात मी अशा प्रशिक्षणाला बसले होते. दिवसभर पडद्यावर स्लाइड. त्यांतल्या एका स्लाइडवर लिहिलं होतं की प्रौढ व्यक्ती व्याख्यानातून शिकत नाही, कृतीतून शिकते. ती स्लाइडही सुलभकांनी वाचूनच दाखवली. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही, त्यांनाही तसंच शिकवलं गेलं होतं. यापेक्षा पाच स्वयंसेवकांना चालू वर्गात बसवावं, प्रत्येकानं अर्धा तास शिकवावं, इतरांनी पाहावं, नंतर चहा घेताना बोलावं. पंधरा दिवसांनी पुन्हा जमावं आणि कुठे अडलं ते सांगावं. हॉलचं भाडंही वाचेल.

शेवटचा मुद्दा सगळ्यात अवघड आहे. शिकलेलं टिकत नाही. १९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. गावंच्या गावं चार महिन्यांत साक्षर होत होती आणि ग्रामगौरव समारंभ वाजतगाजत पार पडत होते. मोहिमेत खरी जान होती, कारण गावानंच ती अंगावर घेतली होती. पण समारंभ झाल्यावर वाचायला हातात काही नव्हतं, आणि पुष्कळांची अक्षरं गेली. १९७८ चा राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम, १९८८ चं साक्षरता मिशन, २००९ चं साक्षर भारत, प्रत्येकात हाच धडा पुन्हा मिळाला. एकेक अक्षर जुळवत वाचणाऱ्याचं वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरलेली असते. वाचन आपोआप व्हायला लागेपर्यंत सराव झाला तरच ते राहतं, आणि तो सराव मार्चच्या परीक्षेनंतर व्हायचा असतो. नेमका तेव्हाच आपला वर्ग बंद होतो.

परीक्षा नको असं मी म्हणत नाही. १५० गुणांपैकी वाचन ५०, लेखन ५०, संख्याज्ञान ५०, प्रत्येकात ३३ टक्के, ठीक आहे. प्रमाणपत्र बायका फ्रेम करून लावतात, त्याची किंमत मी जाणते. पण त्याच बाईकडे सहा महिन्यांनी कुणीतरी जावं आणि तिनं सुरुवातीला जे वाचायचं म्हटलं होतं ते तिला वाचता येतंय का, एवढं पाहावं. गोव्यानं ३० मे २०२५ ला पूर्ण साक्षर राज्य असल्याचं जाहीर केलं. पूर्ण साक्षर म्हणवण्यासाठी लागणारा ९५ टक्क्यांचा हा टप्पा गाठायचा दबाव आपल्यावरही असणार. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्र ८२ टक्क्यांवर होता आणि नंदुरबार ६४ टक्क्यांवर. ज्या जिल्ह्यात घरी पावरी किंवा भिली बोलली जाते तिथे प्रमाण मराठीतली पुस्तिका देऊन आकडा घाईनं वर नेता येईल, माणूस नाही. तिथला स्वयंसेवक त्या बोलीचाच हवा, आणि पहिले शब्दही तिचेच.

एक गोष्ट आपल्यापासून लपवणार नाही. भट्टीवरच्या एका जोडीनं हंगामभर आपली खर्ची स्वतःच्या वहीत लिहिली. हिशोबाच्या दिवशी दोन वह्या जुळल्या नाहीत. बाईकडून काही आठवडे लिहायचे राहिले होते, आणि शेठच्या वहीत काही रकमा दोनदा होत्या. बराच वेळ वाद झाला, शेवटी दोन्ही वह्या समोर ठेवून मुकादमानं नव्यानं बेरीज केली. पुढच्या वर्षी त्या शेठनं त्या जोडीला बयाना दिला नाही. ती दुसऱ्या भट्टीवर गेली, वही घेऊन. वाचता-लिहिता येण्याचे असेही परिणाम होतात, आणि त्या वेळी कामगार विभाग, तलाठी, सरपंच यांच्यापैकी कुणीतरी तिच्या बाजूनं उभं राहायला लागतं. आपल्या कार्यक्रमाच्या आढावा बैठकीला कामगार अधिकाऱ्यांना बोलावण्याची सोय करता आली तर पाहा.

‘उल्लास’ची मुदत २०२७ पर्यंत आहे. पुढच्या योजनेचं नाव काय असेल ते दिल्ली ठरवेल, पण चाचणीचं दुसरं सत्र जूनच्या शेवटी, माणसं गावात परतल्यावर ठेवणं, भट्टीच्या आणि फडाच्या ठिकाणी नोंदणी झालेल्यांचा वर्ग गावी आल्यावर तसाच पुढे चालवणं, नोंदणीच्या दिवशी डोळे तपासणं, आणि फॉर्मवर तो एक रकाना वाढवणं, यांसाठी नव्या योजनेची वाट बघायची गरज मला तरी दिसत नाही. यंदा दिवाळीनंतर टेम्पो यायला लागतील. परिपत्रक कोजागिरीच्या आत पंचायत समितीपर्यंत पोचलं, तर निघणाऱ्यांची नावं आणि त्यांच्या भट्ट्यांची ठिकाणं आमच्याकडच्या बायका स्वतःच लिहून देतील.

आपली नम्र,
एक साक्षरता कार्यकर्ती
ता. शहापूर, जि. ठाणे